सूर्य मावळण्याआधी : एका शेतमजुराचा अर्ज आणि बायबलमधला न्याय

प्राचीन पश्चिम आशियातले कायदे आणि त्यांचे समाज असा आपल्या मालेचा विषय आहे, आणि आज आपण बायबलपाशी आलो आहोत. बायबलमध्ये न्यायाविषयी काय सांगितलं आहे, दुर्बलांशी कसं वागावं म्हटलं आहे, हा आजचा प्रश्न. या विषयावर बोलताना एक धोका असतो. सुंदर वचनं एकामागून एक सांगत जायची आणि ऐकणाऱ्यांनी माना डोलवायच्या. प्रवचनात ते शोभतं. आपण मात्र इथे इतिहासाचे विद्यार्थी म्हणून बसलो आहोत. तेव्हा आपण जरा खोचक प्रश्न विचारू. हे नियम कोणासाठी होते? ते पाळले जात होते का? आणि पाळले गेले नाहीत, तर गरिबाकडे काय उरत होतं?

हे सगळं हवेत बोलण्यापेक्षा एक साधी वस्तू हाताशी धरू. ती वस्तू म्हणजे गरीब माणसाच्या अंगावरचं वस्त्र.

खापरावरचा अर्ज

भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर, आजच्या इस्राएलमध्ये, यावने-याम नावाच्या जुन्या बंदराच्या थोडं दक्षिणेला एका लहानशा किल्ल्याचे अवशेष आहेत. आज त्या जागेला मेसाद हशाव्याहू म्हणतात. १९६० साली योसेफ नावे या पुरातत्त्वज्ञाने तिथे उत्खनन केलं. किल्ल्याच्या वेशीजवळ, पहारेकऱ्यांच्या खोलीत, त्याला एका फुटक्या मडक्याचे तुकडे मिळाले. त्यांवर शाईने हिब्रू मजकूर लिहिलेला होता. त्या काळी कागद नव्हता, पपायरस महाग. मग रोजच्या कामाचं लिखाण खापरावरच व्हायचं. हे खापर इ.स.पू. सातव्या शतकाच्या अखेरचं आहे. यहूदाच्या राज्यावर तेव्हा योशीया राजा होता, असं बरेच अभ्यासक मानतात.

त्यावर काय आहे? एका शेतमजुराचा अर्ज. किल्ल्यावरच्या अधिकाऱ्याला उद्देशून लिहिलेला. मजुराला स्वतःला लिहिता येत असेल असं वाटत नाही. भाषा अशी आहे, की तो तोंडाने सांगतोय आणि लेखनिक उतरवून घेतोय. एकच गोष्ट दोन-दोनदा येते, वाक्यं मध्येच अडखळतात.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. मी कापणीच्या कामावर होतो. नेहमीप्रमाणे कापणी केली, धान्य मोजलं, कोठारात घातलं. ठरलेलं काम पुरं झाल्यावर होशायाहू नावाचा माणूस आला आणि माझं वस्त्र घेऊन गेला. त्याला काही दिवस झाले. माझ्याबरोबर उन्हात राबणारे माझे भाऊबंद साक्ष देतील की हे खरं आहे. माझ्याकडून काही चूक झालेली नाही. माझं वस्त्र मला परत मिळावं.

आणि मग शेवटी येतं ते फार महत्त्वाचं आहे. तो म्हणतो, की ते परत देववणं हे अधिकाऱ्याला बंधनकारक वाटत नसेल, तर निदान दया म्हणून तरी द्यावं. पुढचा मजकूर तुटलेला आहे. अधिकाऱ्याचं उत्तर सापडलेलं नाही.

बघा, चौदा-पंधरा ओळींचा मजकूर आहे, पण आपला आजचा सगळा विषय त्यात आला. आधी तो हक्काची भाषा बोलतो: साक्षीदार आहेत, मी निर्दोष आहे. मग, हक्क चालला नाही तर, दयेची भाषा. कोणत्याही कचेरीच्या दारात अर्ज घेऊन उभा राहिलेला माणूस हेच करतो, नाही का? पहिल्यांदा नियम सांगतो आणि शेवटी हात जोडतो.

कायदा काय म्हणत होता?

आता बायबलकडे वळू. निर्गमाच्या पुस्तकात, बाविसाव्या अध्यायात, कर्जाचा एक नियम आहे. गरिबाला पैसे दिले तर व्याज लावू नये. आणि त्याचं पांघरूण गहाण घेतलं असेल तर सूर्य मावळण्याआधी ते परत करावं, कारण रात्री अंगावर घ्यायला त्याच्याकडे तेवढंच असतं. तो थंडीत कुडकुडून देवाकडे ओरडला, तर देव ऐकेल, कारण देव दयाळू आहे.

हा नियम कसा काम करतो ते नीट पाहू. त्या काळच्या डोंगराळ प्रदेशातला शेतकरी पावसावर जगायचा. एक वर्ष पाऊस ओढला की बियाण्यासाठी, खाण्यासाठी उसनं घ्यावं लागायचं. आधी धान्य, मग शेत, मग मुलंबाळं, असा तो उतार होता. अंगावरचं वस्त्र गहाण पडलं म्हणजे घरात दुसरं काहीच उरलेलं नाही, हे उघड आहे. आता कायदा काय करतो? तो वस्त्र गहाण घ्यायला सरळ बंदी घालत नाही. तो एवढंच म्हणतो, की रोज संध्याकाळी परत कर. म्हणजे सावकाराने सकाळी वस्त्र न्यायचं आणि संध्याकाळी आणून द्यायचं. असल्या गहाणाचा सावकाराला उपयोग काय? फार तर लोकांसमोर कर्जदाराची लाज काढण्यापुरता. कायद्याने हा व्यवहार जवळजवळ निरुपयोगी करून टाकला.

अनुवादाच्या पुस्तकात, चोविसाव्या अध्यायात, हीच गोष्ट आणखी बारकाईने येते. जातं किंवा त्याचा वरचा दगड गहाण घेऊ नये, कारण ते म्हणजे माणसाचं जगणंच गहाण घेणं. आपल्याकडे ज्या पिढीने घरच्या जात्यावर दळण केलं, तिला हे वेगळं समजावून सांगायला नको. जात्याचा वरचा दगड नेला की खालचा नुसता दगड राहतो, आणि घरात दाणे असले तरी पीठ होत नाही. विधवेचं वस्त्र तर गहाण घ्यायचंच नाही. आणि एक नियम असा, की गहाण आणायला गेलेल्या सावकाराने कर्जदाराच्या घरात शिरू नये. बाहेर उभं राहावं, आणि काय द्यायचं ते कर्जदाराने आतून आणून द्यावं. यात पैशाचा काहीच संबंध नाही. यात उंबरठ्याचा मान आहे. कर्ज घेतलं म्हणून माणसाचं घर सावकाराचं होत नाही, हे त्यात सांगितलं आहे.

त्याच अध्यायात मजुरीचा नियम आहे. मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी द्यायची. तो मजूर आपल्यातला असो की उपरा, नियम तोच. आता हे दोन नियम शेजारी ठेवा. वस्त्र सूर्यास्ताआधी, मजुरी सूर्यास्ताआधी. का? कारण गरिबाचा हिशेब एका दिवसाचा असतो. ज्याच्या कोठारात वर्षाचं धान्य आहे त्याला मजुरी आज दिली काय आणि उद्या दिली काय, फरक वाटत नाही. ज्याला आज रात्रीच चूल पेटवायची आहे, त्याच्यासाठी ‘उद्या’ हा शब्द फार लांबचा असतो. कायद्याने घड्याळ लावलं ते गरिबाच्या पोटावर.

हे फक्त बायबलमध्येच होतं का?

इथे थांबून एक गैरसमज दूर केला पाहिजे. विधवा आणि अनाथ यांचं रक्षण ही कल्पना काही बायबलने पहिल्यांदा मांडली नाही. बाबिलोनच्या हम्मुराबीने इ.स.पू. अठराव्या शतकात आपली कायदेसंहिता दगडावर कोरवली. तो दगड आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. बलवानाने दुर्बलाला छळू नये, अनाथाला आणि विधवेला न्याय मिळावा, हा आपला हेतू असल्याचं त्याने त्यात नोंदवलं आहे. कर्जापोटी बैल ओढून नेला तर दंड, असाही नियम तिथे आहे. कर्जापायी बायको-मुलं कामाला दिली, तर तीन वर्षांनी सोडायची, असं हम्मुराबी म्हणतो. निर्गमाच्या पुस्तकात हिब्रू दासाची मुदत सहा वर्षांची आहे. म्हणजे या एका बाबतीत हम्मुराबीच अधिक उदार! बाबिलोनचे राजे मधूनमधून कर्जमाफीचे हुकूमही काढत. अम्मिसदुकाचा असा हुकूम इ.स.पू. सतराव्या शतकातला आहे, आणि तो आज आपल्याला वाचता येतो.

मग वेगळं काय आहे? आम्हाला तीन गोष्टी दिसतात.

पहिली अशी, की बाबिलोनमध्ये दया ही राजाची कीर्ती होती. राजा गादीवर आला, हुकूम निघाला, कर्जं माफ झाली. पुढचा राजा काय करील, सांगता येत नाही. बायबलच्या कर्जमाफीच्या नियमात राजाचं नावच नाही. अनुवादात दर सातव्या वर्षी कर्ज सोडायचं सांगितलं आहे, ते राजाची मर्जी असो वा नसो.

दुसरी गोष्ट म्हणजे विधवा आणि अनाथ यांच्या जोडीला तिसरा माणूस येतो: उपरा. आपलं गाव, आपली जमीन, आपले भाऊबंद मागे टाकून आलेला. लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम करायला सांगितलं आहे. ते वाक्य जगप्रसिद्ध झालं. पण त्याच अध्यायात पुढे उपऱ्याविषयी तेच शब्द पुन्हा येतात, याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही.

आणि तिसरी गोष्ट, त्यामागचं कारण. तुम्ही स्वतः मिसर देशात उपरे होता, हे आठवा. इतर राजे आपल्या पूर्वजांचे विजय सांगतात. इथे कायदा पूर्वजांची गुलामी आठवायला सांगतो, आणि त्या आठवणीतून आजचं वागणं ठरवायला लावतो.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायची. याच अध्यायात असंही सांगितलं आहे, की निवाडा करताना गरिबाची बाजू घेऊ नये आणि बड्याची भीडही धरू नये. म्हणजे न्यायासनावर बसल्यावर दयेने तराजू झुकवायचा नाही. दया करायची ती शेतात, बाजारात, कर्ज देताना. न्यायालयात गरिबाला हवा असतो तो सरळ तराजू, आणि तो मिळाला तरी पुष्कळ झालं.

आमोस काय पाहत होता?

आता पाळण्याचा प्रश्न. इ.स.पू. आठव्या शतकात, उत्तरेकडच्या इस्राएल राज्यात दुसऱ्या यराबामाची कारकीर्द चालली होती. काळ भरभराटीचा. राजधानी शोमरोन. तिथे १९१० साली खापरं सापडली, त्यांवर गावोगावहून आलेल्या तेलाच्या आणि द्राक्षारसाच्या नोंदी आहेत. पुढे १९३०च्या दशकातल्या उत्खननात हस्तिदंताच्या नक्षीचे कितीतरी तुकडे मिळाले, फर्निचरवर बसवलेले. खेड्यातून तेल वर जातं, आणि वर हस्तिदंती पलंग येतात. ही त्या भरभराटीची जमीन-बाजू आणि महाल-बाजू.

अशा वेळी दक्षिणेतल्या तकोवा गावचा एक माणूस उत्तरेत आला. नाव आमोस. मेंढरं पाळणारा आणि उंबराच्या जातीच्या झाडांची निगा राखणारा. त्याने हस्तिदंताच्या घरांची आणि पलंगांची नावं घेऊन टीका केली. व्यापारी धान्याचं माप लहान करतात, पैशाचं वजन मोठं करतात, गव्हातला कोंडा-कचरासुद्धा विकतात, आणि सण संपून दुकान कधी उघडतंय याची वाट पाहत बसतात, असं तो म्हणाला. एका जोड्याच्या मोलाने गरीब विकला जातो, असं म्हणाला. आणि मग आपलं वस्त्र पुन्हा येतं: गहाण घेतलेल्या वस्त्रांवर हे लोक वेदीशेजारी आडवे होतात.

कल्पना करा. ज्या वस्त्राशिवाय कोणीतरी रात्रभर कुडकुडतोय, ते वस्त्र देवाच्या वेदीजवळ अंथरलंय आणि त्यावर भक्त बसलेत. आमोसाचा राग पूजेवर होता तो एवढ्यासाठी. पुढे इ.स.पू. ७२२च्या सुमारास अश्शूरने शोमरोन घेतलं आणि ते राज्य संपलं.

कायदा मोडणारे हात

दक्षिणेकडे, यहूदात, योशीयाच्या काळी मंदिरात नियमशास्त्राचा एक ग्रंथ सापडल्याची हकीकत बायबल सांगतं. साल इ.स.पू. ६२२. तो ग्रंथ म्हणजे अनुवादाचा गाभा असावा, असं अभ्यासकांचं मत आहे. आता आपल्या मजुराचा अर्ज साधारण याच पिढीतला! पण गंमत अशी, की अर्जात तो नियमशास्त्राचं नावही घेत नाही. तो कायद्याचं कलम सांगत नाही, साक्षीदार सांगतो. शिवाय त्याचं वस्त्र कर्जापोटी नेलं, की काम कमी भरलं म्हणून नेलं, यावरही वाद आहे. म्हणून ‘बघा, कायदा लागू होता’ असं या खापरावरून ठासून म्हणता येत नाही. एवढं मात्र नक्की म्हणता येतं: गरीबाचं वस्त्र काढून नेणं ही चुकीची गोष्ट आहे, आणि त्याविरुद्ध अधिकाऱ्याकडे दाद मागता येते, हे एका साध्या मजुराला ठाऊक होतं.

योशीयाने गोरगरिबांना न्याय दिला, म्हणून यिर्मया संदेष्टा त्याची वाखाणणी करतो. त्याच्या मुलाला, यहोयाकीमाला, तो धारेवर धरतो, कारण त्याने लोकांना फुकट राबवून वाडा बांधला. त्यानंतरचा एक प्रसंग तर चटका लावणारा आहे. बाबिलोनच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातला. सिद्कीया राजाने आणि सरदारांनी देवासमोर करार करून आपले हिब्रू दास-दासी मोकळे केले. मग मिसरचं सैन्य येतंय अशी बातमी आली, वेढा थोडा काळ उठला. संकट टळल्यासारखं वाटताच मालकांनी त्याच माणसांना परत धरून आणलं. संकटात आठवलेला धर्म संकट सरताच विसरला गेला. थोड्याच काळात यरुशलेम पडलं.

आणखी सुमारे दीडशे वर्षांनी, इ.स.पू. ४४५च्या सुमारास, नहेम्या यरुशलेमचा कोट बांधायला आला. काम चालू असताना लोक तक्रार घेऊन आले: शेतं, मळे, घरं गहाण पडली, राजाचा कर भरायला कर्ज काढलं, मुलीबाळी दास्यात गेल्या, आणि सावकार कोण, तर आमचेच भाऊ. नहेम्याने सभा बोलावली. त्या सभेत त्याने कबूल केलं, की आपण आणि आपली माणसंही कर्ज देत आलो आहोत. मग सगळ्यांकडून शेतं परत करण्याची आणि व्याज सोडण्याची शपथ घेतली. अधिकारावरचा माणूस स्वतःलाही त्याच नियमात बसवतो, हे आम्हाला इथे मोलाचं वाटतं.

मर्यादाही सांगायला हव्यात. व्याज घेऊ नये हा नियम अनुवादात आपल्या भाऊबंदांपुरता आहे. परदेशी माणसाकडून घ्यायला मुभा आहे. हिब्रू दास सुटतो, पण परक्या राष्ट्रांतले दास कायमचे ठेवता येतात, असं लेवीय पुस्तक म्हणतं. त्याच ग्रंथसंग्रहात उपऱ्यावर प्रेम करायलाही सांगितलं आहे. ही ओढाताण लपवून चालणार नाही. पुढच्या पिढ्या त्या ओढाताणीतूनच वाट काढत गेल्या.

सरवा : दान की हक्क?

रूथची गोष्ट आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. मवाब देशातली ही विधवा आपल्या सासूबरोबर बेथलेहेमला येते आणि बवाजाच्या शेतात सरवा वेचते. मराठी बायबलमध्ये हा ‘सरवा’ शब्द अगदी चपखल बसला आहे. कापणी झाल्यावर शेतात राहिलेली कणसं ती सरवा, हे आपल्या खेड्यांत कोणालाही कळतं. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांतून सबंध बायबल मराठीत आणलं, ते साध्या बायकांना वाचता यावं याच ओढीने. दुष्काळात अन्नाला महाग झालेल्या मुलींना त्यांनी आसरा दिला होता. तेव्हा सरवा वेचणाऱ्या विधवेची गोष्ट त्यांच्या आश्रमात कशी वाचली जात असेल, याचा अंदाज आपण करू शकतो.

पण कायद्यात सरवा म्हणजे भीक नाही. शेताच्या कडा कापायच्या नाहीत, विसरलेली पेंढी आणायला परत जायचं नाही. ते गरिबाचं, उपऱ्याचं, विधवेचं. शेतकऱ्याने कोणाला हात वर करून ‘घे’ म्हणायचंसुद्धा नाही. त्याने फक्त आपला विळा थांबवायचा.

इ.स. २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी ग्रंथात याचा काटेकोर हिशेब आहे. शेताचा किमान साठावा हिस्सा सोडायचा. किती पेंढ्या राहिल्या तर त्या विसरलेल्या धरायच्या, यावर दोन गुरुकुलांत वाद. ज्याच्याकडे दोनशे झूझ आहेत, त्याने सरवा वेचू नये. गहाणाबद्दल म्हटलं आहे, की उशी रात्री परत द्यायची आणि नांगर दिवसा. कोणाला हा कीस वाटेल. आम्हाला वाटतं, दयेला टिकायचं असेल तर तिला आकडा लागतो. ‘जमेल तेवढं द्या’ म्हटलं की काहीच जमत नाही.

नियमाची दुसरी बाजूही याच परंपरेला दिसली होती. सातवं वर्ष जवळ आलं की कर्ज बुडणार म्हणून लोक गरिबांना उसनं देईनासे झाले. तेव्हा हिल्लेल या गुरूने प्रोझबूल नावाचा दस्त काढला. कर्जाची वसुली न्यायालयाकडे सोपवायची, म्हणजे ते सातव्या वर्षी रद्द होत नाही. कायद्याच्या अक्षराला बगल मिळाली, पण गरिबाला दार उघडं राहिलं. हे बरोबर की चूक, यावर आजही चर्चा होते.

लूकच्या शुभवर्तमानात एक शास्त्री येशूला विचारतो, की माझा शेजारी कोण? उत्तरात येशू वाटेत लुटलेल्या माणसाची गोष्ट सांगतो. चोरांनी त्याचे कपडेही काढून नेलेले असतात. त्याला उचलतो तो शोमरोनी, म्हणजे ऐकणाऱ्यांच्या दृष्टीने परकाच. लेवीय पुस्तकात शेजारी आणि उपरा अशी दोन वेगळी वचनं होती, ती या गोष्टीत एका माणसात एकत्र आली.

हिब्रू भाषेत ‘त्सेदाका’ शब्दाचा जुना अर्थ न्याय, सरळपणा. नंतरच्या काळात हाच शब्द गरिबाला द्यायच्या मदतीसाठी रूढ झाला. एकाच शब्दात दोन्ही. गरिबाला देणं हे ज्याचं त्याला देणं आहे, अशी त्यामागची समजूत.

आता खापराकडे शेवटचं पाहू. आपल्या देशाच्या दिवाणी प्रक्रिया संहितेत, १९०८च्या, साठावं कलम आहे. कर्जाच्या वसुलीसाठी जप्ती आली तरी माणसाचे गरजेचे कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी आणि कारागिराची हत्यारं नेता येत नाहीत. हे कलम बायबलमधून आलं, असा दावा आम्ही करत नाही. पण त्या मजुराला जे दया म्हणून मागावं लागलं, ते आज कायद्याने मागता येतं. मागायला कोणी येतो का, त्याला तो कायदा माहीत आहे का, आणि वेशीवरचा अधिकारी ऐकून घेतो का, हे प्रश्न मात्र अजून तिथेच आहेत.

पुढच्या वेळी आपण सातव्या वर्षाच्या कर्जमुक्तीचा आणि पन्नासाव्या वर्षाच्या जमीनवापसीचा विचार करू.